ब्रेमच्या चढावर

दाराशेजारच्या खिळ्याला द्राक्षातली साखर मोजायचं ब्रिक्स मीटर लटकत होतं. काळ्या रबरी मुठीचं, झाकणाची काच जरा धुरकटलेली. हंगामात आमच्या आप्पांच्या शर्टाच्या खिशात असतं अगदी तेच. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या ब्रेम गावात एका द्राक्षबागायतदाराच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी उतरले होते. सायकल अंगणात लावून आत येताना ते दिसलं आणि पाय आपोआप थांबले. घरच्या बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, माझी नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिलं आणि हे काय असतं ते समजावून सांगायला लागल्या. मी म्हटलं, मला माहीत आहे, मणी चिरडायचा, थेंब काचेवर सोडायचा, झाकण दाबायचं आणि उजेडाकडे तोंड करून डोळ्याला लावायचं. त्या बघतच राहिल्या. मग ओघानं तासगाव आलं, आप्पा आले, आमची साडेतीन एकर बाग आली. द्राक्षं नुसती खायला आणि वाळवून बेदाणा करायला लावतात, वाईनसाठी नाही, याचं त्यांना फार नवल वाटलं. सत्तरीच्या पुढच्या बाई, बोटांच्या पेरांना काळसर भेगा. त्यांनी अ‍ॅप्रनला हात पुसले आणि सहज विचारलं, "आणि तुमच्या वडिलांनंतर बाग कोण बघणार?"

"अजून तेच बघतात," मी म्हणाले.

हे उत्तर खरं होतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं. त्यांच्या ते लक्षात आलं असणार, कारण त्यांनी मान हलवली आणि न्याहारीला अंडं किती उकडलेलं हवं ते विचारलं. मी वर गेले, खिडकी उघडली, नदीकडे बघत बसले. फ्रोनलाइखनाम या ख्रिस्ती सणाची गुरुवारची सुट्टी आणि तिला जोडून रजा काढून मी फ्रँकफर्टहून आले होते, ती डोकं रिकामं करायला. सायकल चालवायची, डोंगर चढायचा, कुणाशी फारसं बोलायचं नाही, एवढाच बेत होता. त्या बाईंच्या प्रश्नानं तो पहिल्याच संध्याकाळी बिघडवला, आणि खरं सांगायचं तर पुढचे दिवस मला जे काही दिसलं ते त्या प्रश्नामुळेच दिसलं.

हजारभरही वस्ती नसलेलं हे गाव. कोब्लेंझहून येणारी गाडी कोखेम सोडलं की १८७०च्या दशकात खोदलेल्या ४.२ किलोमीटरच्या बोगद्यात शिरते आणि काही मिनिटांत एलरला बाहेर पडते. नदीला तेच अंतर कापायला वीसेक किलोमीटरचे वळसे घ्यावे लागतात. ब्रेमपाशी तर ती जवळजवळ पूर्ण उलटी फिरते. आतल्या बाजूला सपाट जिभेवर श्टूबेनच्या जुन्या मठाच्या उघड्या भिंती, बाहेरच्या बाजूला गाव, आणि गावाच्या पाठीला काल्मोंट. युरोपातला सगळ्यांत उभा द्राक्षमळा म्हणून तो ओळखला जातो, काही ठिकाणी चढ ६५ अंशांचा आहे. हा आकडा मी आधी वाचला होता. तरी एलरहून सायकलवर येताना पहिल्यांदा तो समोर आला तेव्हा माझ्या मनात आकडा आला नाही, माणसं आली. इथे विरळणीला, घडातले जादा मणी काढायला, बाया उभ्या कशा राहत असतील?

दुसऱ्या दिवशी नदीच्या कडेनं बाइलश्टाइनपर्यंत सायकल मारली. रस्ता इतका सपाट की पायांना काम नाही, सगळं काम डोळ्यांना. डाव्या हाताला बागा, उजव्या हाताला पाणी. हे पाणी वाहतं म्हणावं तर वाहताना दिसत नाही. १९६४ मध्ये बंधारे आणि जहाजांच्या चढउताराचे हौद बांधून मोझेलचा जलमार्ग खुला झाला, तेव्हापासून हा पाण्याच्या पायऱ्यांचा जिनाच झाला आहे. लांबलचक मालवाहू बोटी आवाज न करता जातात, आणि त्या गेल्यावर बऱ्याच वेळानं लाट काठाला येऊन बदकांना हलवते. एडिगरला लाकडी चौकटींची तिरपी घरं, त्यांच्या खिडक्यांत लाल जिरेनियम. झेनहाल्सचा पूल ओलांडला की पलीकडच्या काठानं मेझेनिश, ब्रीडर्न अशी एकेक वस्ती येते. प्रत्येक गावात एखाद्या भिंतीच्या कोपऱ्यावर पुराच्या रेघा कोरलेल्या असतात. १९९३ सालची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. डिसेंबरातला, नाताळच्या तोंडावरचा पूर. त्या रेघेखाली उभी राहून मी सायकलला टेकले आणि सांगलीची मावशी आठवली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी तिच्या घरात शिरलं, तेव्हा ती चार दिवस आमच्याकडे तासगावला होती. घर धुऊन झाल्यावर तिनं पहिल्यांदा भिंतीवरचा डाग रंगवून टाकला. इथली माणसं रेघ दगडात कोरून ठेवतात. मला दोन्ही समजतं. मावशीला त्या भिंतीसमोर रोज बसून जेवायचं होतं.

बाइलश्टाइन हे दीडशेच्या आत माणसांचं गाव, आणि जूनच्या सुट्टीत तिथे येणाऱ्या पाहुण्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट. छायाचित्रात येतं तसंच ते आहे: अरुंद गल्ल्या, कार्मेलाइट साधूंच्या चर्चकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या, वर फ्रेंच सैन्यानं १६८९ मध्ये उडवलेल्या मेटर्निश किल्ल्याचा उरलेला बुरूज. पायऱ्यांवर मी फार रेंगाळले नाही. किल्ल्याच्याही वर, झाडांच्या सावलीत ज्यू दफनभूमी आहे, तिथे बराच वेळ बसले. शेवाळलेले उभे दगड, काहींवरची अक्षरं पुसत आलेली, गवत मात्र कापलेलं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या गावात ज्यू कुटुंबं होती, एकोणिसाव्या शतकात तर वस्ती चांगली भरलेली होती. पुढे बरीच शहरांकडे गेली, आणि नाझी काळानंतर कुणीच उरलं नाही. खाली नदीकाठच्या हॉटेलांतून ताटल्यांचा आवाज वर येत होता. ज्यांची माणसं गावात राहिलेली नाहीत त्यांच्या दगडांभोवतीचं गवत कुणीतरी वेळच्या वेळी कापतं, हे बघून मला बरंही वाटलं आणि पोटात कालवलंही. दोन्ही एकाच वेळी.

परतताना वारा समोरून होता आणि त्यावर फुलोऱ्याचा वास होता.

द्राक्षाच्या फुलाला वास असतो हे बागेत न वाढलेल्या माणसाला सांगूनही पटत नाही. फूल म्हणजे हिरवट टोपी गळून पडलेले बारीक तुरे, लांबून दिसतही नाहीत. पण संध्याकाळी हवा थांबली की अख्ख्या शिवारावर एक हलका गोडसर वास पसरतो. आमच्याकडे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, महिना-सव्वा महिन्यानं, दिवाळीच्या मागंपुढं तो येतो. त्या दिवसांत घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, कारण आप्पा आभाळाकडे बघत असतात. फुलोऱ्यात पाऊस लागला की गळ, कूज, वर्षाचा खेळ संपला. मोझेलच्या काठावर जूनच्या मध्यात तोच वास नाकात शिरला आणि माझी नजर आधी वर गेली. आभाळ निरभ्र होतं. जर्मनीत राहायला लागून इतका काळ लोटल्यावरही माझी मान त्या वासाबरोबर आपोआप वर जाते, याचा मला त्या क्षणी आनंद झाला.

काल्मोंट चढले ती सकाळ हेलिकॉप्टरच्या आवाजानं उजाडली. या खोऱ्यातल्या उभ्या बागांवर ट्रॅक्टर जात नाही, म्हणून औषध हेलिकॉप्टरमधून फवारतात, हल्ली ड्रोननंही. न्याहारीच्या वेळी बाईंनी सांगितलं, आज पलीकडच्या भागात काम आहे, तुमची वाट मोकळी आहे. आमच्याकडे पहाटे ब्लोअर सुरू झाला की झोपमोड होते, मोरचूद आणि चुन्याचा वास उशीपर्यंत येतो. आवाज वेगळा, वेळ तीच. डावणी आणि भुरी हे दोन्ही रोग एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात आले. १८८०च्या दशकात फ्रान्सात मोरचूद-चुन्याचं मिश्रण डावणीवर चालतं हे ध्यानात आलं, आणि ज्या गावच्या नावानं ते ओळखलं जातं त्या गावाचा पत्ता ठाऊक नसतानाही आमच्या शिवारातला प्रत्येक गडी 'बोर्डो मारलं का' असं विचारतो.

वाट एलरच्या बाजूनं सुरू होते. लोखंडी शिड्या, खडकात ठोकलेल्या कड्या, हाताला धरायला तारेचे दोर. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, पण दोन-अडीच तास सहज जातात, कारण पाऊल बघून टाकावं लागतं. पायाखाली पाटीचा दगड, निळसर करडा, पातळ पापुद्र्यांचा. पाऊल पडलं की तो किणकिणतो आणि घसरतो. दहा वाजेपर्यंत तो इतका तापला की बसायला टेकलेला हात उचलावा लागला. या दगडामुळेच ही बाग आहे. ५० अंश उत्तरेला द्राक्ष पिकायचं तर ऊन साठवून ठेवायला हवं. दक्षिणेकडे तोंड केलेला चढ, खालून नदीवरून उसळणारा उजेड आणि दिवसभर तापून रात्री ऊब सोडणारा हा दगड यांच्या जोरावर रीसलिंग ही इथली वाईनची द्राक्षजात ऑक्टोबरपर्यंत तग धरते. आमचं सगळं उलटं. आम्ही मांडव घालतो, पानांचं छप्पर करतो, घड सावलीत राहील असं बघतो, मणी उन्हानं भाजू नये म्हणून कागद गुंडाळतो. वेल एकच, त्याच्यासाठी एकीकडे ऊन गोळा करायचं आणि दुसरीकडे त्याच उन्हापासून त्याला लपवायचं.

इथे मांडव नाही, तारा नाहीत. जुन्या पद्धतीत प्रत्येक वेलाला स्वतःचा एकेक खांब. दोन काड्या दोन बाजूंनी खाली वाकवून परत खांबाला बांधलेल्या, बदामाचा आकार होतो. शोभेसाठी केलंय असं वाटतं, पण दहा पावलं चढल्यावर कारण कळतं. तारांच्या ओळी असत्या तर या उतारावर आडवं जाता आलं नसतं. खांब सुटा असला की माणूस त्याला धरून, वळसा घालून पुढे सरकतो. मी एका वेलाजवळ बसून बांधणी नीट बघितली. बारीक फांदीनं दिलेली गाठ, घट्ट नाही, सैल नाही. ज्या कुणी ती बांधली असेल त्यानं एका हातानं बांधली असणार, दुसरा हात आधाराला. खाली रस्त्यावर सायकलस्वार थांबून फोटो काढत होते. त्यांना हिरवा उतार दिसत असेल. मला गाठी दिसत होत्या, दगडी ताली दिसत होत्या, तालीतून निसटलेला दगड कुणीतरी परत बसवल्याची ताजी खूण दिसत होती.

आणि मधूनच ती शिस्त तुटते. एका तालीपर्यंत खांब उभे, त्यापुढे काटेरी झुडपं. जवळ जाऊन पाहिलं तर झुडपांतही खांब होते, कुजलेले, एखाददुसरा वेल अजून वर चढायची धडपड करणारा. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात काल्मोंटवरची कितीतरी बाग अशीच सोडून दिली गेली. सपाट जमिनीवर यंत्रानं होतं ते काम इथे सगळं पाठीनं करायचं, आणि बाटलीला मिळणारा भाव त्या हिशेबात नसतो. पुढच्या पिढीनं शहरातली नोकरी धरली. मग गावांनी तुकडे एकत्र केले, एकाच रुळावर दातेरी चाकानं चढणारी छोटी गाडी बसवली, चढाईची ही वाट बांधली, आणि काही भागात पुन्हा लागवड झाली. २०१४ मध्ये पेर्लपासून कोब्लेंझपर्यंत ३६५ किलोमीटरची मोझेलस्टाइग ही पायवाट सुरू झाली, तिचे चालणारेही इथे येतात, राहतात, वाईनची पेटी घेऊन जातात. मला हे मनापासून पटतं. लोकांनी नुसतं वर चढून खाली बघावं यासाठी कुणी डोंगर धरून ठेवत नाही, पण त्यांच्या येण्यानं धरून ठेवणाऱ्याच्या हातात चार पैसे पडतात. झुडपं वाढली की पाटीचा दगड झाकला जातो आणि त्यावरची पांढरी, लाल डोळ्यांच्या ठिपक्यांची मोझेल अपोलो फुलपाखरंही जातात. ती फक्त या खोऱ्यातच आढळतात आणि त्यांना तापलेला उघडा खडक लागतो. वाटेवरच्या फलकावर त्यांचं चित्र होतं. मी बराच वेळ थांबले, एकही दिसलं नाही.

माथ्यावर क्रूस आहे, जवळच रोमन काळातल्या देवस्थानाची नव्यानं उभारलेली प्रतिकृती आहे, आणि खाली नदीचं ते वळण. तिथल्या बाकावर बसून आप्पांना व्हिडिओ लावला. तासगावात दुपार झाली होती. ते मांडवाखाली होते, मागं कुणीतरी शेंडे मारत होतं. मी फोन फिरवून उतार दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आगं, ह्येच्यावर पाणी कसं ठरतं?" ठरत नाही आप्पा, मी म्हटलं, मुळं दगडाच्या फटीतनं खोल जातात. "खुंट कुठला?" हा पुढचा प्रश्न, म्हणजे कलमाखालचं मूळ कुठल्या वेलाचं. तो बाईंनाही मी आदल्या रात्री विचारला होता, म्हणून उत्तर तयार होतं. मुळं खाणाऱ्या किडीनं १८६० नंतर युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या तेव्हा अमेरिकन वेलाच्या मुळांवर कलमं करून त्या परत उभ्या केल्या. पाटीच्या दगडात त्या किडीला नीट फिरता येत नाही, म्हणून या खोऱ्यात स्वतःच्या मुळावरचे जुने वेल अजून काही ठिकाणी सापडतात, बाकी सगळं कलम. आप्पा हसले. आमची बाग डॉगरिजवर आहे, तोही टेक्सासकडचा. क्षार आणि पाण्याची ओढ सोसतो म्हणून आणलेला. "म्हंजी बूड येकच की," ते म्हणाले आणि हाक आली तसे फोन तसाच चालू ठेवून निघून गेले. मला बराच वेळ नुसता मांडव दिसत राहिला, पानांतून खाली पडणारे उन्हाचे तुकडे, आणि आईचा आवाज, कुणाला तरी चहा घे म्हणणारा.

भाऊ पुण्यात आहे, त्याच्या मुलांच्या शाळा तिथे आहेत. मी इथे. गेल्या काही वर्षांत अवकाळीनं आणि औषधांच्या खर्चानं आमच्या शेजारच्या दोन बागा निघाल्या. अँगल, तारा भंगारात गेल्या, तिथे आता ऊस आहे. आप्पा त्या वाटेनं जायचं टाळतात. घरात हा विषय कुणी काढत नाही. काढला तर ज्याला त्याला दुसऱ्याची नोकरी मोडायला सांगितल्यासारखं होतं. म्हणूनच एका परक्या बाईंनी तो हात पुसता पुसता विचारला तेव्हा मला राग नाही आला, सुटल्यासारखं वाटलं. त्यांच्याकडेही तोच प्रश्न आहे. निघायच्या सकाळी त्यांनी सांगितलं, मुलगा कोब्लेंझला काम करतो, शनिवार-रविवारी येऊन बाग करतो, वरचे तुकडे त्यांनी एका तरुण बागायतदाराला कसायला दिलेत. हे सांगताना त्यांच्या आवाजात हार नव्हती. तुकड्यातुकड्यानं का होईना, डोंगर धरलेला आहे, एवढंच त्यात होतं. पूर्ण उत्तर सापडेपर्यंत थांबायचं नसतं, या हंगामाचं काम या हंगामात करायचं असतं, हे मी आप्पांकडे आयुष्यभर बघत आले आणि मला ते ब्रेमला उमगलं.

बाईंनी ऑक्टोबरात काढणीला या म्हणून आग्रह केला. उतारावर कात्री चालवणारे हात कमी पडतात, आणि तुम्हाला घड धरायचा कसा ते शिकवावं लागणार नाही, असं म्हणाल्या. मला जायचं होतं, अजूनही जायचं आहे. धुक्यातली ती बाग, पाठीवर टोपल्या घेऊन उतरणारी माणसं, सगळं बघायचं आहे. पण ऑक्टोबर म्हणजे आमची गोडी छाटणी. इथल्या वेलाला हिवाळा झोपवतो आणि वसंत उठवतो. आमच्या वेलाला झोपच नसते, म्हणून वर्षाला दोनदा छाटायचं, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, सगळे एकसारखे फुटावेत म्हणून एकेका डोळ्याला पेस्ट लावायची. हातमोजे घालून, काडी न मोडता, प्रत्येक वेलापाशी थांबून. लहानपणी मला ते काम करू देत नसत, औषध कडक असतं.

रजेचा अर्ज टाकला आहे, तासगावचा. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, मजूर ठरलेत, तू येऊन काय करणार? मी म्हटलं, पेस्ट लावीन. "मग आठ तारखेच्या आत ये," ते म्हणाले, "उशीर केलास तर डोळं फुगत्यात."